ऑयलर, एक तार आणि फलनाची व्याख्या

अकरावीत फलनाचा धडा शिकवून झाला की मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. आज दिवसभरात दर क्षणाला अंगणात जे तापमान होतं, ते वेळेचं फलन आहे का? बरीच मुलं नाही म्हणतील. का नाही, तर त्याला सूत्र नाही. खरं तर व्याख्या त्यांना तोंडपाठ असते. पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक जोडलेला असला की झालं फलन. त्या व्याख्येत सूत्राचं नावही नाही. म्हणजे वहीत एक व्याख्या आणि डोक्यात दुसरीच कल्पना. शिक्षक मित्रांना हा अनुभव नवा नाही. पालकांनो, तुमच्या घरातलं मूल असं म्हणालं तर त्याला गणित जमत नाही असं लगेच ठरवू नका. फलन म्हणजे सूत्र, ही समजूत ज्यांनी ग्रंथात मांडून साऱ्या युरोपला शिकवली ते अठराव्या शतकातले सर्वांत मोठे गणिती होते. ती समजूत अपुरी आहे हे मान्य करण्याची पाळीही त्यांच्यावरच आली, आणि तीही एका ताणलेल्या तारेमुळे. त्यांचं नाव लिओनार्ड ऑयलर.

लिओनार्डचा जन्म १५ एप्रिल १७०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातला. वडील पॉल ऑयलर हे धर्मोपदेशक. पण विद्यापीठात असताना त्यांनी याकोब बेर्नुली या नामवंत गणितज्ञाची व्याख्यानं ऐकलेली होती, त्यामुळे घरात गणित परकं नव्हतं. कुटुंब लवकरच जवळच्या रीहेन गावी राहायला गेलं आणि लिओनार्डचे पहिले धडे वडिलांकडेच झाले. तेराव्या वर्षी तो बाझलच्या विद्यापीठात दाखल झाला. मुलानेही आपल्यासारखं धर्मोपदेशक व्हावं ही वडिलांची इच्छा.

तिथे याकोब यांचे धाकटे भाऊ योहान बेर्नुली गणिताचे प्राध्यापक होते. माणूस तापट, आणि स्वतःच्या कामात गढलेला. या पोराला खासगी शिकवणी द्यायला त्यांनी नकार दिला. पण एक केलं. त्याला अवघड पुस्तकं नेमून दिली, स्वतः वाच म्हणून सांगितलं, आणि जिथे अडेल ते विचारायला शनिवारी दुपारी यायची मुभा दिली. लिओनार्ड आठवडाभर खपायचा, कारण सरांपुढे कमीत कमी शंका घेऊन जायचं असा त्याचा प्रयत्न असे. एक शंका सुटली की तिच्याबरोबर इतर दहा आपोआप सुटायच्या, असं पुढे त्यांनी आठवणीत नोंदवलं आहे. शिकवणीच्या जाहिरातींनी भिंती भरलेल्या आपल्या शहरांत ही शनिवारची पद्धत कुणाला परवडेल का, ठाऊक नाही. पण शिक्षकांनी तिच्यावर थोडा विचार जरूर करावा. पुढे योहान यांनीच वडिलांची समजूत घातली आणि मुलगा गणिताकडे वळला.

आपल्या विषयासाठी योहान बेर्नुली आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. फंक्शन हा शब्द गणितात आणला लायब्निट्स यांनी, सतराव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या मनात होत्या वक्ररेषेशी निगडित लांब्या, म्हणजे स्पर्शिकेची लांबी, लंबाची लांबी वगैरे. योहान यांनी १७१८ साली त्याला नवा अर्थ दिला: एक चल राशी आणि काही स्थिर संख्या यांच्यापासून कोणत्याही रीतीने तयार केलेली राशी म्हणजे फलन. भूमितीतून शब्द उचलला आणि बीजगणितात आणून ठेवला. शिष्याने गुरूकडून घेतला तो हा अर्थ.

बाझलमध्ये पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा ऑयलर यांनी अर्ज केला. वय जेमतेम वीस. जागा मिळाली नाही. रशियात पीटर्सबर्गला नवी विज्ञान अकादमी निघाली होती आणि योहान यांचा मुलगा डॅनियल तिथे आधीच गेलेला होता. त्याच्या खटपटीने बोलावणं आलं. ५ एप्रिल १७२७ ला ऑयलर यांनी बाझल सोडलं, ऱ्हाइन नदीतून, मग घोडागाडीने, मग समुद्रमार्गे प्रवास करत १७ मे ला ते पीटर्सबर्गला पोहोचले. मायदेशी ते पुन्हा कधी परतले नाहीत.

त्याच वर्षी त्यांनी अकादमीपुढे एक निबंध ठेवला. निबंधाचा मूळ विषय वक्ररेषांचा एक प्रश्न होता, तो आज कुणाला फारसा आठवत नाही. पण त्यात एक गोष्ट आली जी आपण आजही वर्गात शिकवतो, ती म्हणजे सम फलन आणि विषम फलन. चलाचं चिन्ह बदललं, क्ष च्या जागी उणे क्ष घातला, तरी किंमत तीच राहिली तर फलन सम. किंमत तेवढीच राहून फक्त तिचं चिन्ह उलटलं तर विषम. नावं आली घातांकावरून. क्ष चा वर्ग, क्ष चा चौथा घात यांचे घातांक सम, म्हणून ती सम फलनं. क्ष, क्ष चा घन यांचे घातांक विषम, म्हणून ती विषम.

इथे जरा थांबू या, कारण याच नावांमुळे मुलांचा हमखास घोळ होतो. संख्या म्हटली की ती सम तरी असते नाहीतर विषम तरी. मुलं तोच नियम फलनाला लावतात. पण क्ष वर्ग अधिक क्ष घ्या. क्ष ला १ घाला, उत्तर २. उणे १ घाला, उत्तर शून्य. ना सम, ना विषम. दुसरा घोळ बेरजेचा. दोन विषम संख्यांची बेरीज सम होते, मग दोन विषम फलनांचीही होईल असं मुलांना वाटतं. क्ष आणि क्ष घन यांची बेरीज करून पाहा, ती विषमच राहते. संख्यांच्या बेरजेचा नियम फलनांच्या गुणाकाराला लागू पडतो: विषम गुणिले विषम बरोबर सम. का? कारण घात गुणले की घातांकांची बेरीज होते. नाव घातांकावरून आलंय हे एकदा सांगितलं की हे पाठ करावं लागत नाही.

आकृतीने दाखवायचं तर बटर पेपरवर आलेख काढायला सांगा. सम फलनाचा कागद उभ्या अक्षावर घडी घातली की दोन बाजू एकमेकींवर तंतोतंत बसतात. विषम फलनाचा कागद आरंभबिंदूवर टाचणी टोचून अर्धा फिरवला की आलेख स्वतःवरच येऊन बसतो. हा अर्धा फेरा लक्षात ठेवा, तारेच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

पीटर्सबर्गमध्ये ऑयलर यांचा जम बसला. १७३१ मध्ये प्राध्यापकपद मिळालं, १७३३ मध्ये डॅनियल बेर्नुली परत गेले तेव्हा गणिताचं पद त्यांच्याकडे आलं. जानेवारी १७३४ मध्ये कॅथरिना ग्झेल हिच्याशी लग्न झालं. तिचे वडील चित्रकार होते, आणि मूळचे स्विसच. तेरा मुलं झाली, त्यांतली पाचच मोठी झाली. मांडीवर लहान मूल आणि पायाशी बाकीची खेळत असताना ते गणित लिहीत असत, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं.

१७३४ सालच्याच एका निबंधात त्यांनी फलनासाठी एफ हे अक्षर आणि पुढे कंस वापरला. एफ ऑफ एक्स म्हणून आपण जे फळ्यावर लिहितो ते चिन्ह. योहान यांनी आधी फाय हे ग्रीक अक्षर नुसतंच क्ष ला चिकटवून लिहिलं होतं. ऑयलर यांच्या त्या निबंधात आत जायची होती ती राशी एकट्या क्ष ची नव्हती, भागाकार आणि बेरीज मिळून झालेली होती. आत काय जातंय ते दाखवायला कंस हवाच होता. मुलं मात्र हा कंस पाहिला की गुणाकार समजतात, आणि २ अधिक ३ चं फलन म्हणजे २ चं फलन अधिक ३ चं फलन असं बिनदिक्कत लिहितात. त्यांना वर्ग करायला लावा. ५ चा वर्ग २५, आणि ४ अधिक ९ होतात १३. मग कंस उघडायची घाई आपोआप कमी होते.

१७३५ मध्ये ऑयलर यांनी एक जुना, सगळ्यांना हरवणारा प्रश्न सोडवला. नैसर्गिक संख्यांच्या वर्गांच्या व्यस्तांची अनंत बेरीज किती, तर पायचा वर्ग भागिले ६. त्यामुळे त्यांचं नाव युरोपभर झालं. त्याच वर्षी जिवावर बेतणारा ताप आला, आणि १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. अकादमीसाठी ते रशियाच्या नकाशांचं बारीक काम करत, त्याला ते स्वतः दोष देत.

१७४० मध्ये रशियाची सम्राज्ञी वारली, दरबारात उलथापालथ सुरू झाली. परदेशी लोकांना तिथे राहणं सुखाचं उरलं नाही. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक बर्लिनला अकादमी उभी करत होता. १७४१ मध्ये ऑयलर सहकुटुंब बर्लिनला गेले आणि पंचवीस वर्षं राहिले.

इथे त्यांनी जो ग्रंथ लिहिला तो १७४८ मध्ये लोझान शहरी दोन खंडांत छापून निघाला. लॅटिन नावाचा अर्थ अनंताच्या विश्लेषणाची ओळख असा काहीसा. आजचं अकरावी-बारावीचं गणित ज्या क्रमाने आपण शिकवतो त्यातला बराचसा इथून आलेला आहे. सुरुवातीलाच फलनाची व्याख्या येते. गुरूंचीच व्याख्या, फक्त राशी या शब्दाच्या जागी विश्लेषणात्मक पदावली, म्हणजे सरळ भाषेत सूत्र. चल आणि स्थिर संख्यांपासून कसंही बनवलेलं सूत्र म्हणजे फलन.

या व्याख्येच्या मागोमाग जे येतं ते शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखं आहे, कारण आपल्या मुलांच्या शंका तिथे एकेक करून भेटतात. य = ५ हे फलन आहे का? मुलं म्हणतात, यात क्ष कुठे आहे, मग फलन कसलं. ऑयलर यांचं म्हणणंही साधारण तेच. चलाचं फलन हे स्वतःही बदलणारं असलं पाहिजे. १ चा क्ष वा घात दिसायला फलन, पण किंमत कायम १, म्हणजे ते नावापुरतं फलन. आज आपण अचल फलनाला आनंदाने फलन म्हणतो. मग वर्गमूळ घ्या. ९ चं वर्गमूळ ३ की उणे ३? ऑयलर यांनी फलनांचे दोन प्रकार केले, एकाच किमतीची आणि अनेक किमतींची. दोन्ही त्यांच्या लेखी फलनंच. आज दुसरा प्रकार आपण शाळेच्या व्याख्येतून काढून टाकला आहे. प्रत्येक क्ष ला एकच य, आलेखावर कुठेही उभी रेघ ओढली तरी ती एकाहून जास्त ठिकाणी छेदता कामा नये, ही अट आपण घालतो. पण ती अट आभाळातून पडलेली नाही. दोन किमतींचं फलन हाताळताना कोणती किंमत धरायची हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, त्या कटकटीतून ती आली आहे. मुलांना ही कटकट एकदा अनुभवू द्यावी आणि मग अट सांगावी, असं माझं मत आहे.

व्यस्त फलनाची कल्पना त्यांनी लॉगरिदमवर सुंदर वापरली. त्याआधी लॉगरिदम म्हणजे आकडेमोड सोपी करणारी कोष्टकं. ऑयलर यांनी आधी घातांकी फलन ठेवलं, म्हणजे पाया कायम आणि घातांक बदलता, आणि मग उलट प्रश्न विचारला: ही किंमत यायला घातांक किती हवा? ते उत्तर म्हणजे लॉगरिदम. त्रिकोणमितीचंही तसंच. साइन म्हणजे तोपर्यंत विशिष्ट त्रिज्येच्या वर्तुळातली एक लांबी असे. आर्यभटांची ज्या, जिच्यावरून हा शब्दच अरबी आणि लॅटिनमार्गे फिरत गेला, तीही लांबीच होती. ऑयलर यांनी त्रिज्या १ धरली आणि साइनला कंसाच्या मापाचं फलन करून टाकलं. मग तिचे गुण बोलता येऊ लागले: साइन विषम, कोसाइन सम, आणि पूर्ण फेरा झाला की दोघींचीही पुनरावृत्ती.

सगळं कसं जागच्या जागी बसलेलं. आणि नेमकं याच सुमारास तारेचं प्रकरण सुरू झालं.

दोन खुंट्यांमध्ये ताणलेली तार घ्या. सतारीची म्हणा, तंबोऱ्याची म्हणा. बोटाने मध्ये उचला आणि सोडा. पुढच्या प्रत्येक क्षणी तारेचा आकार काय असेल? पॅरिसच्या दालांबेर यांनी १७४७ मध्ये याचं उत्तर बर्लिन अकादमीकडे पाठवलं. तारेची हालचाल म्हणजे दोन आकारांची बेरीज, एक आकार उजवीकडे सरकतो, दुसरा त्याच वेगाने डावीकडे. ऑयलर यांनी लगेच त्यावर स्वतःचा निबंध लिहिला. तार स्थिर धरून सोडली असेल तर हे दोन्ही आकार म्हणजे सुरुवातीच्या आकाराचीच निम्मी उंची.

अडचण अशी की आकार सरकत सरकत खुंटीपलीकडे जातो, आणि पलीकडे तर तारच नाही. म्हणून मूळ आकार खुंट्यांच्या पलीकडेही आहे अशी कल्पना करावी लागते. कसा? डावी खुंटी शून्यावर धरा. तिथे तार कधीच हलत नाही. म्हणजे डावीकडून येणारा आणि उजवीकडून येणारा आकार तिथे सदैव एकमेकांना खोडून काढले पाहिजेत. त्यासाठी खुंटीच्या उजवीकडे काही अंतरावर जेवढी उंची, डावीकडे तेवढ्याच अंतरावर तेवढीच खोली हवी. म्हणजेच फलन विषम हवं! दुसऱ्या खुंटीलाही हीच अट लावली की निघतं, तारेच्या दुप्पट लांबीनंतर आकाराची पुनरावृत्ती व्हायला हवी. म्हणजे फलन आवर्ती हवं. विसाव्या वर्षी ज्या गुणाला नाव दिलं तोच गुण चाळिशीत दोन खुंट्यांनी त्यांच्यापुढे आणून ठेवला. विषम फलन कशाला शिकायचं असं कुणी विचारलं, तर या खुंट्या दाखवा.

वाद पेटला तो पुढे. तार मध्ये उचलून धरली तर तिचा आकार कौलारू छपरासारखा होतो, दोन सरळ रेघा आणि मध्ये कोन. डाव्या रेघेचं सूत्र एक, उजव्या रेघेचं दुसरं. दालांबेर यांचं म्हणणं, सुरुवातीचा आकार एकाच सूत्राने दिलेला पाहिजे आणि विषमपणा, आवर्तीपणा त्या सूत्रातूनच यायला हवा. छपराचा आकार त्यात बसत नाही, तर तो प्रश्न गणिताच्या हद्दीबाहेरचा. ऑयलर यांच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे दालांबेर बरोबर ठरत होते! पण तार तर छपरासारखी उचलता येते, सोडली की वाजतेही. ती काही सूत्र विचारत बसत नाही. ऑयलर यांनी तारेची बाजू घेतली. दोन खुंट्यांमध्ये हाताने वाटेल तो आकार काढा. तो आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवून डावीकडे ठेवा. मग ही जोडी पुन्हा पुन्हा पुढे मांडत जा. झालं फलन. सूत्र असो वा नसो.

थोडं शब्दांबद्दल. एकाच सूत्राने बांधलेल्या वक्राला ऑयलर संतत म्हणत आणि सूत्र मध्येच बदलणाऱ्याला असंतत. म्हणजे छपराचा आकार त्यांच्या भाषेत असंतत. आज आपण संतत म्हणतो ते आलेख कुठे तुटत नाही म्हणून, आणि छपराचा आलेख तर कुठेच तुटत नाही. जुनी पुस्तकं चाळणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दालांबेर यांचा हट्ट अगदीच पोकळ नव्हता, हेही सांगायला हवं. छपराच्या टोकाशी वक्रतेला अर्थच उरत नाही, आणि तारेचं समीकरण वक्रतेवरच उभं आहे. ही अडचण पुरती सुटायला फार काळ गेला. त्यात १७५३ मध्ये डॅनियल बेर्नुली यांनी तिसरीच बाजू मांडली: तारेचा कोणताही आकार अनेक साइन वक्रांची बेरीज करून मिळतो. मूळ स्वर, त्याच्या दुप्पट कंपनांचा, तिप्पट कंपनांचा, असे सारे स्वर एकाच तारेत एकदम वाजतात. तंबोरा ऐकणाऱ्याला हे पटायला वेळ लागणार नाही. ऑयलर यांना पटलं नाही. साइनची बेरीज हे शेवटी एकच सूत्र, त्यातून हाताने काढलेला वाटेल तो आकार कसा निघेल, असं त्यांना वाटलं. इथे ते चुकले. सूत्राच्या कल्पनेतून ते निम्मेच बाहेर आले होते.

१७५५ मध्ये त्यांचा कलनावरचा ग्रंथ निघाला. त्याच्या प्रस्तावनेत फलनाची व्याख्या बदललेली आहे. काही राशी दुसऱ्या राशींवर अशा अवलंबून असतील की दुसऱ्या बदलल्या की पहिल्याही बदलतात, तर पहिल्यांना दुसऱ्यांचं फलन म्हणायचं. सूत्र हा शब्द गेला आणि अवलंबून असणं आलं. उदाहरण दिलंय तोफेचं. दारू किती भरली, तोफ किती अंशात उचलली, गोळा किती दूर पडला, किती वेळ हवेत राहिला. दारू तेवढीच ठेवून कोन बदला, अंतर आणि वेळ बदलतील. कोन तोच ठेवून दारू बदला, तरीही बदलतील. कशाला चल धरायचं हे आपण ठरवायचं, ही गोष्ट या उदाहरणात फार चांगली कळते. तोफ नको असेल तर अंगणातली पाण्याची नळी घ्या. तोटी कायम ठेवून नळीचा कोन बदलत जा आणि पाणी कुठे पडतं ते खडूने आखा. हे मुलं आवडीने करतील, फक्त पालकांनी ओल्या कपड्यांवरून बोलू नये. गंमत म्हणजे ही नवी व्याख्या प्रस्तावनेतच राहिली. आतल्या पानांवर सगळीकडे सूत्रंच आहेत. व्याख्या बदलली म्हणून सवय लगेच बदलते असं नाही, मुलांचीही नाही आणि ऑयलर यांचीही नाही.

बर्लिनमध्ये त्यांचं राजाशी कधी जमलं नाही. फ्रेडरिकला हवी असत चटपटीत बोलणारी, फ्रेंच वळणाची माणसं. हा साधा, देवभोळा, एका डोळ्याने अधू गणिती त्याच्या थट्टेचा विषय होता. अकादमीचे अध्यक्ष वारल्यावर सगळा कारभार ऑयलर ओढत होते, पण पद राजाने देऊ केलं ते दालांबेर यांना. तारेच्या वादात दोघांचे संबंध चांगलेच ताणले गेले होते. तरीही १७६३ मध्ये दालांबेर बर्लिनला आले तेव्हा त्यांनी राजाला सांगितलं की ऑयलर असताना त्यांच्यावर दुसऱ्या कुणाला बसवणं बरं दिसणार नाही, आणि ते पद नाकारलं. राजाने तरीही ऑयलर यांना अध्यक्ष केलं नाही. १७६६ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, दुसऱ्या कॅथरिनच्या निमंत्रणावरून ते पीटर्सबर्गला परतले.

परतल्यावर थोड्याच काळात दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसूही लागलं, मग दृष्टी पुन्हा गेली ती कायमची. त्याच वर्षी शहरात मोठी आग लागली, घर जळालं. बाझलच्याच पेटर ग्रिम नावाच्या कारागिराने आंधळ्या ऑयलर यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. हस्तलिखितं बहुतेक वाचली. दोन वर्षांनी पत्नी गेली.

आणि काम वाढलं. हे वाचताना खोटं वाटेल, पण त्यांच्या एकूण आठशेच्या वर लेखनापैकी जवळजवळ निम्मं या दुसऱ्या पीटर्सबर्ग पर्वातलं आहे. मोठ्या पाटीवर ठळक अक्षरं अंदाजाने गिरवायची, मुलगा आणि सहकाऱ्यांना सांगायचं, त्यांनी उतरवून घ्यायचं. स्मरण असं की लहानपणी वाचलेलं व्हर्जिलचं महाकाव्य त्यांना अथपासून इतिपर्यंत येत असे, कोणत्या पानाची पहिली ओळ कोणती आणि शेवटची कोणती तेसुद्धा. बीजगणिताचं पुस्तक त्यांनी एका शिंप्याच्या हाताखाली काम केलेल्या तरुणाला सांगून लिहून घेतलं. त्याला गणिताचा गंध नव्हता. लिहिता लिहिता तो स्वतः उदाहरणं सोडवू लागला असं सांगतात. ते पुस्तक वाचलं की हे पटतं. एकेक पायरी इतकी सावकाश टाकली आहे की ऐकणाऱ्याला कळलं की नाही ते बघत बघतच पुढे गेल्यासारखं वाटतं.

१८ सप्टेंबर १७८३. त्या वर्षी फ्रान्समध्ये गरम हवेचा फुगा आकाशात गेला होता, त्याच्या उड्डाणाचं गणित ऑयलर करत होते. लेक्सेल या सहकाऱ्याशी नव्यानेच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल बोलणं झालं. नातवाबरोबर थोडा वेळ खेळले. मग मेंदूत रक्तस्राव होऊन शुद्ध हरपली आणि त्याच रात्री ते गेले. वय ७६. त्यांचे शिल्लक निबंध अकादमी पुढे जवळजवळ पन्नास वर्षं छापत होती.

ते छापून होईपर्यंत फलनाचा प्रश्न बराच पुढे गेला होता. १८०७ मध्ये फूरिये यांनी उष्णतेच्या अभ्यासातून दाखवायला सुरुवात केली की साइन आणि कोसाइनच्या बेरजेतून हाताने काढलेले आकारही मिळतात. छपराचासुद्धा. म्हणजे डॅनियल बेर्नुली यांच्या बाजूला वजन आलं. १८३७ मध्ये डिरिक्ले यांनी स्पष्ट लिहिलं की प्रत्येक क्ष ला एक ठरलेला य मिळाला की पुरे, सगळीकडे एकच नियम असण्याची गरज नाही, गणिती क्रियांनी तो लिहिता येण्याचीही नाही. आपल्या पुस्तकातली संचांच्या भाषेतली व्याख्या याच वाटेने पुढे आली. याआधी १८२९ मध्येच त्यांनी एक फलन दिलं होतं, ते वर्गात जरूर सांगा. क्ष परिमेय असेल तर एक ठरावीक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. कोणत्याही क्ष ला य एकच, तेव्हा फलन आहे याबद्दल शंका नाही. सम आहे की विषम, तेही मुलांना काढता येईल: क्ष परिमेय असेल तर उणे क्ष ही परिमेयच, म्हणून सम. आता मुलांना खडू द्या आणि त्याचा आलेख काढायला सांगा.